आधी टाका वाचावा

क्रोशा किंवा लोकरीचं विणकाम शिकायला बसलेल्या माणसाला आपण सहसा हात शिकवतो. सुई कशी धरायची, धागा कोणत्या बोटावरून घ्यायचा, वळसा कुठून घालायचा. हे लागतंच, पण शिकवणं तिथेच थांबतं, आणि पुष्कळ नवशिके वीतभर पट्टी झाली की सगळं पिशवीत कोंबून माळ्यावर टाकतात. हात सरावाने बसतो. अडचण असते ती डोळ्यांची: आपणच आत्ता घातलेला टाका कुठे सुरू झाला नि कुठे संपला, हे दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून टाका घालण्याइतकंच तो वाचायलाही शिकवावं आणि उसवण्याला शिक्षा न मानता अभ्यास मानावं, असं माझं म्हणणं आहे.

दोन्ही कलांचं मूळ एकच, एका फासातून दुसरा फास ओढून काढणं. फरक पडतो तो फास कुठे थांबतात यामुळे. दोन सुयांवरच्या विणकामात अख्ख्या ओळीचे फास सुईवर उघडे असतात. एक निसटला की खालपर्यंत शिडीसारखी उसवण धावते. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा, त्यामुळे सुई काढून चार टाके उसवले तरी बाकीचं जिथल्या तिथे राहतं. एवढ्यावरूनच क्रोशा सोपा, असं लोक सांगून टाकतात. ते अर्धंच खरं आहे. सुयांवर पुढचा टाका कोणता, हे सुईच सांगते. क्रोशात आकडी कुठे खुपसायची ते विणणाऱ्याने शोधायचं असतं. खांबांची, म्हणजे उंच टाक्यांची, ओळ सुरू करताना घातलेल्या तीन साखळ्या एका खांबाच्या जागी धरल्या जातात, आणि पुढच्या ओळीचा शेवटचा खांब त्या साखळीच्या टोकावर यावा लागतो. ते टोक नवशिक्याला खांब म्हणून दिसतच नाही. दर ओळीला एक खांब गळतो आणि चौकोनी रुमाल हळूहळू त्रिकोणी होतो. मग दोष येतो धाग्यावर, नाहीतर हाताच्या घट्टपणावर.

सुयांवरही तेच. सुलट आणि उलट हे एकाच टाक्याचे दोन चेहरे आहेत. पुढून सुलट दिसणारा टाका मागून उलट असतो. हे एकदा डोळ्यांना पटलं की नमुन्याचा कागद निम्मा आपोआप कळतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलेली पट्टी कडांनी सुरळीसारखी वळते, तेव्हा काहीतरी बिघडलं असं समजून ती इस्त्रीखाली दाबली जाते. बिघडलेलं काहीच नसतं. एका बाजूला सगळे सुलट चेहरे आले की कापड वळणारच. दोन सुलट, दोन उलट अशी काठाची वीण घातली की ते सपाट राहतं, वर ताणही घेतं. स्वेटरच्या मनगटाला आणि कमरेला ती वीण असते ती त्यासाठी.

वाचनाचं सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र गोल रुमालाचं. मुक्या, म्हणजे बुटक्या, खांबाचा गोल सपाट ठेवायचा तर दर फेरीला साधारण सहा टाके वाढवावे लागतात, उंच खांबाचा असेल तर बारा. कमी वाढवले तर गोलाची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर उठते. ही झालर आलेला रुमाल बायका लाजून लपवतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये नेमकी तीच झालर मुद्दाम घडवली. ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत गेलं की अतिपरवलयी प्रतलाचं, म्हणजे युक्लिडचा समांतर रेषांचा नियम जिथे मोडतो त्या पृष्ठभागाचं, टिकाऊ प्रारूप तयार होतं. त्याआधी ही प्रारूपं कागदाच्या पट्ट्या चिकटवून केली जात, नि ती हाताळताना फाटत. तेव्हा झालर म्हणजे गोंधळ नव्हे. ती वाढीच्या प्रमाणाचा हिशेब उघड दाखवते.

यावर पहिला आक्षेप असा की नवशिक्याला काहीतरी करून बघायची हौस असते. त्याच्या गळ्यात रचनाशास्त्र कशाला? हौस खरी आहे, पण ती मोडते ती वस्तू बिघडल्यावर आणि का बिघडली हे न कळल्यावर. दहा सेंटिमीटरचा नमुना विणून टाके मोजायला एक संध्याकाळ पुरते. दहा सेंटिमीटरमध्ये वीस टाके बसतील असं धरून शंभर सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला दोनशे टाके घातले, आणि हाताच्या घट्टपणाने बावीस बसले, तर घेर भरतो एक्क्याण्णवच्या आसपास. म्हणजे नऊ सेंटिमीटरचा स्वेटर हवेत गेला. हिशेब टाळून हौस वाचत नाही.

दुसरा आक्षेप चलचित्रांचा: आता सगळं पडद्यावर दिसतं, थांबवून पुन्हा बघता येतं. हाताची हालचाल शिकायला त्याहून चांगलं साधन नाही, हे मान्यच. पण पडद्यावर दिसतो तो दुसऱ्याचा बिनचूक तुकडा. आपली चूक त्यात नसते. शिवाय ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन नमुन्यातला ‘सिंगल’. नावांवर विसंबणारा तिथेच फसतो, टाक्याची उंची बघणारा फसत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये शेजारणीच्या मांडीवरचं तोरण बघून नमुना उचलणाऱ्या बायकांना कागद लागत नाही तो याचमुळे.

टाका वाचण्याचं महत्त्व यंत्राच्या बाजूनेही दिसतं. विल्यम ली याने १५८९ मध्येच इंग्लंडात मोजे विणण्याचं यंत्र केलं, कारण सुयांवरचे फास रांगेत उभे असतात आणि रांग यंत्राला कळते. क्रोशात प्रत्येक टाका आधीच्या विणीत जागा शोधून घालायचा असल्याने त्याला आजवर कारखान्यात तसं यंत्र मिळालेलं नाही. यंत्रावरची ‘क्रोशा’ लेस बहुतेक वेळा निराळ्याच विणीची असते. म्हणूनच आंध्रातल्या नरसापूरची क्रोशाची लेस हातानेच होते. तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांवरच्या, समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांच्या १९८२ च्या पुस्तकाने दाखवलं की हे काम घरबसल्या बायकांचा फावल्या वेळचा उद्योग ठरवून त्याची मजुरी नगण्य ठेवली गेली. स्वस्त क्रोशाचा कपडा हातात घेताना एवढं आठवायला हरकत नाही.

मग सुरुवात कशाने करावी? फिक्या रंगाचा, गुळगुळीत, मध्यम जाडीचा धागा आणि चार-पाच मिलिमीटरची आकडी. काळा किंवा केसाळ धागा नको, टाके दिसत नाहीत. आपल्याकडे बारीक पोलादी सुई आणि दोऱ्यापासून सुरुवात करून देण्याची रीत आहे, तीही मला फारशी पटत नाही. पहिली वस्तू बाळाची कुंची किंवा टोपडं न धरता वीस खांबांची सरळ पट्टी धरावी, दर ओळीला मोजावी, चुकली की चुकीच्या ओळीपर्यंत उसवावी. क्रोशा आधी, सुया नंतर, हा क्रम त्यातल्या त्यात बरा, कारण एकच फास उघडा असताना उसवायची भीती कमी वाटते. आणि पुढे सुयांवरून टाका निसटून खाली गेला, की शिडीच्या एकेका पायरीतून तो वर ओढून आणायला क्रोशाची आकडीच लागते.