एक दाणा जादा!

दोस्तांनो, बुद्धिबळाच्या पटावर तांदूळ मांडायची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं दुप्पट करत जायचं. अर्धा पट भरून ३३व्या घरात आलात की तिथं लागतात ४,२९,४९,६७,२९६ दाणे! त्यात आणखी एकच दाणा टाका. झाले ४,२९,४९,६७,२९७. या संख्येनं एका थोर गणितज्ञाला चांगलंच चकवलं, बरं का.

त्याचं नाव पिएर द फर्मा. फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात तो काम करायचा. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. त्यानं २पासून सुरुवात करून वर्गाचा वर्ग केला: २, ४, १६, २५६, ६५,५३६. प्रत्येकात १ मिळवला. आले ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ संख्या! म्हणजे १ आणि ती स्वतः, यांशिवाय कशानंच भाग जात नाही. मग पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं त्याला वाटलं. १६४० साली त्यानं तसं पत्रातून कळवलं. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं.

सहावी संख्या म्हणजेच आपली ४,२९,४९,६७,२९७. ती तपासायची कशी? एकेका मूळ संख्येनं भागत बसलात, तर तब्बल ६,५४२ भागाकार! वह्याच्या वह्या संपतील.

१७३२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये २५ वर्षांच्या लेओनार्ड ऑयलरनं सांगितलं, की हिला ६४१नं भाग जातो. हे ६४१ आलं कुठून? ऑयलरनं पुढं सिद्ध केलं, की या संख्येला ज्या मूळ संख्येनं भाग जाईल, तिच्यातून १ वजा केला तर उरलेल्याला ६४नं भाग गेलाच पाहिजे. झाली की चाळणी! तिच्यातून पहिल्यांदा येतात १९३, २५७, ४४९, ५७७. चौघांनीही भाग जात नाही. पाचवी ६४१. फक्त पाच भागाकार! आणि गंमत पाहा, ही चाळणी ज्या नियमावर उभी आहे तो नियम फर्माचाच, त्याच १६४० सालचा. स्वतःचंच हत्यार त्यानं इथं नीट वापरलं नाही, असं मला तरी वाटतं.

पाचांच्या पुढं या माळेत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. संगणक जुंपूनसुद्धा!

माझ्यावर विश्वास ठेवू नका हं. कागद घ्या आणि ६४१ला ६७,००,४१७नं गुणा. मग ६७,००,४१७मधून १ वजा करून ६४नं भागा. बाकी किती उरली?