घरातले शिकणे आणि मुलाची गती : २०१५ ते २०२५

प्राथमिक वयाची मुले एका वर्गात बसली, तरी एका गतीने शिकत नाहीत. एखादे मूल दिवाळीपर्यंत वाचू लागते, तर दुसरे जोडाक्षरांपाशी पुढच्या वर्षीही अडखळते. महाराष्ट्राच्या शासकीय धोरणात या फरकाची ठळक दखल २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या निर्णयाने घेतली गेली. पायाभूत चाचण्या घेऊन प्रत्येक मूल कुठवर आले आहे हे पाहावे आणि तिथून त्याला पुढे न्यावे, अशी त्यामागची धारणा होती. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील (शाळांच्या गटातील) ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. फरशीवर रंगवलेले तक्ते, मणी-काड्यांचे गठ्ठे आणि गटागटाने बसलेली मुले हे चित्र पुढे अनेक जिल्हा परिषद शाळांत दिसू लागले. मात्र हा सगळा विचार शाळेच्या चार भिंतींतला होता. घराच्या वाट्याला गृहपाठापलीकडे फारसे काही आले नव्हते.

मार्च २०२० मध्ये शाळा आणि घर यांची ही विभागणी मोडली. कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या. तेव्हा औरंगाबाद नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणि भोवतालच्या तालुक्यांतही घर हीच शाळा झाली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाइलवरून पाठवायला सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअॅपवर प्रश्न सोडवण्याचा ‘स्वाध्याय’ उपक्रम आला. पण फोन सगळ्यांकडे नव्हता. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२० च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील शाळेत नाव असलेल्या ६१.८ टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन होता. जिथे होता, तिथेही तो बहुधा वडिलांबरोबर सकाळी कामावर जाई आणि रात्री मुलाच्या हाती येई.

या काळातला एक मोठा प्रयत्न म्हणजे दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ मालिका. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती २० जुलै ते २६ सप्टेंबर २०२० या काळात सादर केली. पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेसाठी ६० असे एकूण ४८० भाग झाले. पाठ्यपुस्तकातली संकल्पना घरातल्या आणि परिसरातल्या अनुभवातून उलगडायची, ही तिची पद्धत होती. त्यामुळे पालकांनाही मुलांसोबत काय करता येईल, हे दिसले. पण प्रक्षेपणाची गती सगळ्या मुलांसाठी सारखीच होती. भागाकार न समजलेल्या मुलासाठी मालिका थांबत नव्हती. मूल घरी होते, पण गती त्याची नव्हती.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेने वेगळी वाट दाखवली. तिथल्या मुलांनी स्वतःच्या आवडीने जपानी भाषा निवडली होती. शाळा बंद झाल्यावर जपानीचे वर्ग ऑनलाइन भरू लागले. सर्वांकडे स्मार्टफोन नसल्याने शाळेने ‘विषयमित्र’ योजना राबवली. फोनवरच्या वर्गात शिकलेली मुले तेच इतरांना शिकवत. शेजारी बसलेल्या मित्राला एक शब्द चारदा विचारता येतो आणि तो चारदा सांगतोही. पडद्यापेक्षा सोबत्याकडून मुलाची गती अधिक सांभाळली जाते, ते यामुळेच.

१ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळाची किंमत पुढे आकड्यांत दिसली. ‘असर’नुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ टक्क्यांवर पोहोचले, म्हणजे शाळा पुन्हा नियमित भरू लागल्यावर घसरण जवळजवळ भरून निघाली.

या अनुभवानंतर घराचा विचार अधिक नेमका झाला. २०२२ मध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. शाळेतल्या मेळाव्यात मूल एकेका टेबलापाशी जाते. उड्या मारते, वस्तूंचे वर्गीकरण करते, चित्र पाहून बोलते, खडे मोजते. त्याला काय जमले आणि कुठे मदत हवी, हे आईला तिथेच समजते. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या माता गट करून बसतात. ओट्यावर तूर आणि हरभरा एकत्र करून ठेवला की मूल तो निवडते, दहा-दहाचे ढीग लावते आणि कोणता ढीग मोठा ते सांगते. चुकले तर ढीग मोडून पुन्हा लावायचा. त्याला ना गुण, ना घाई. जूनच्या दुसऱ्या मेळाव्यात प्रगती पुन्हा पाहिली जाते. लिहिता-वाचता न येणारी आईही यात मागे राहत नाही.

याच्याही पुढे जाऊन मुलांना शाळेत न घालता पूर्णपणे घरीच शिकवणारी कुटुंबे महाराष्ट्रात थोडी आहेत. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाच्या शालेय शिक्षणाची हमी देतो, पण गृहशिक्षणाबद्दल त्यात स्वतंत्र तरतूद नाही. २०१७ च्या शासन निर्णयाने स्थापन झालेल्या राज्य मुक्त विद्यालय मंडळामुळे दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पाचवीच्या समकक्ष परीक्षेची वाट खुली झाली. त्यामुळे घरी शिकलेल्या मुलालाही प्रमाणपत्र मिळू शकते.

या दहा वर्षांतून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या गतीने शिकण्यासाठी मुलाला मोकळा वेळ हवा, तसे त्याच्याकडे लक्ष असलेले मोठे माणूस किंवा सोबतीही हवा. २०२० मध्ये वेळ भरपूर होता, पण मूल कुठे अडले आहे हे पाहणारे अनेकांजवळ कोणी नव्हते, आणि ती मुले मागे पडली. विषयमित्रात आणि माता गटात साधने साधीच होती, पण मुलाची आजची पायरी कुणाला तरी ठाऊक होती आणि पुढची पायरी त्याच्यासमोर ठेवली जात होती. घराने हे नियमित करावे, शाळेने त्याची वेळोवेळी पडताळणी करावी आणि दोघांनी एकमेकांना कळवत राहावे. मुलाची गती जपली जाते ती या तिन्ही गोष्टी जुळल्यावर.