पायाखालची माती
लेखमाला : घरचं मांजर – लेखांक ५

गेल्या आठवड्यात मांजराच्या खाण्यापिण्याविषयी लिहिलं. आज त्याच्या पुढचा, घरोघरी डोकेदुखी ठरणारा विषय : ठरलेली जागा सोडून भलतीकडे शू करणारं मांजर.

निफाडला आमच्या घराचं काम झालं तेव्हा अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, परसातली आळी बुजली, बांधकामाच्या वाळूचा उरलेला ढीगही ट्रॉलीत भरून गेला. त्याच हिवाळ्यात आमचा बोका कोपऱ्यात रचून ठेवलेल्या कांद्याच्या बारदानावर शू करू लागला. आईने बारदान हलवलं, जागा धुतली, बोक्याला दोन रात्री बाहेर ठेवलं. तो परत तिथेच. बोका बिघडला, असं घरात सर्वांनी ठरवून टाकलं. त्याची माती आपणच काढून घेतली, हे ध्यानात यायला महिना गेला.

माती, राख आणि वाळू

घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, फेलिस लिबिका. कोरड्या मुलखातलं हे जनावर पाणी कमी पितं, त्यामुळे त्याची लघवी दाट आणि उग्र वासाची असते. भुसभुशीत जमीन उकरायची, तिथे उरकायचं आणि वर माती लोटायची, ही सवय मांजराच्या अंगातच असते. वस्तीवरच्या मांजराला कुणी शिकवावं लागत नाही. द्राक्षबागेतल्या ओळींमधली भुसभुशीत जमीन, भाजीचा वाफा, चुलीच्या राखेचा उकिरडा, असं सगळं त्याला आयतंच मिळतं.

घरात कोंडलेल्या मांजरासाठी लोक पूर्वी पाटीत राख किंवा वाळू ठेवत. 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली. राखेमुळे तिच्या मांजराचे काळे पाय घरभर उमटत होते. लोने तिला तेल शोषून घेणाऱ्या मातीचे दाणे दिले, आणि मांजराची माती पिशवीत भरून विकण्याचा धंदा तिथून वाढला. आज दुकानात मिळणारी, भिजल्यावर गोळा होणारी माती बेंटोनाइटची असते. आपल्या काळ्या जमिनीला पाणी लागलं की ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ते ज्या जातीच्या खनिजामुळे, तेच बेंटोनाइटमध्येही असतं.

आधी डॉक्टर

मांजराने जागा बदलली की पहिला संशय आजाराचा घ्यायचा. सर्वांत घातक प्रकार बोक्यांमध्ये दिसतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो; खडे किंवा चिकट बुळबुळीत गठ्ठा अडकला की लघवी पूर्ण तुंबते. तो पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कण्हतो, खालचा भाग चाटत राहतो, आणि थेंबही येत नाही. घरच्यांना वाटतं, बद्धकोष्ठ झालं. अशा बोक्याला एक-दोन दिवसांतच मरण येऊ शकतं. ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच घटकेला पशुवैद्यकाकडे न्यायचं. दुखतंय म्हणून माणसाची गोळी तर मुळीच द्यायची नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

लघवी लालसर किंवा तांबूस दिसली तरीही डॉक्टर गाठायचा. मूत्राशयाची सूज हे त्याचं नेहमीचं कारण. कांद्याच्या आपल्या तालुक्यात दुसरंही एक कारण ध्यानात ठेवावं. लासलगावची बाजारपेठ दाराशी असल्यामुळे आपल्या रश्श्यात आणि आमटीत कांदा हात सैल सोडून पडतो, आणि उरलेली भाकरी त्यातच कुस्करून मांजरापुढे जाते. कच्चा असो की शिजलेला, कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. वजनाच्या दर किलोमागे 5 ग्रॅम कांदाही रक्तावर परिणाम करायला पुरतो. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरतो.

म्हातारं मांजर अचानक जागा चुकवू लागलं तर मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा सांधेदुखी तपासून घ्यावी. गुडघे धरलेल्या मांजराला मातीने भरलेल्या, उंच काठाच्या पेटीत चढवत नाही, म्हणून ते दाराशीच बसतं.

शू की फवारा?

तपासणीत आजार निघाला नाही, तर नीट पाहायचं. मांजर खाली बसून सपाट जागी भरपूर लघवी करत असेल, तर ती शू. उभ्याने, शेपटी ताठ करून, थरथरवत भिंतीवर किंवा कपाटावर थोडीशी उडवत असेल, तर तो फवारा. फवारा म्हणजे हद्दीची खूण. वयात आलेले बोके तो मारतात, आणि बाहेरचा बोका खिडकीत दिसू लागला की जास्तच मारतात. नसबंदी केली की दहापैकी साधारण नऊ बोक्यांमध्ये ही सवय सुटते किंवा पुष्कळ कमी होते. फवाऱ्यावर पेटी बदलून उपयोग नाही, आणि शू चुकवणाऱ्या मांजराचा प्रश्न बहुधा पेटीपाशीच सुटतो.

पेटी कशी असावी

महागडी पेटी लागत नाही. मांजराच्या लांबीच्या दीडपट लांब असा प्लॅस्टिकचा टब पुरतो. एका बाजूचा काठ कापून बुटका करावा. झाकण नको, कारण त्यात वास कोंडतो. आत तीन-चार सेंटिमीटर बारीक, सुवासाविना माती असावी. आपल्याला आवडणारा गुलाबाचा वास मांजराला पळवून लावतो. चाळलेली, उन्हात वाळवलेली वाळूही चालते. मात्र फवारणी झालेल्या द्राक्षबागेतली माती आणू नका. मांजर पाय चाटतं आणि औषध थेट त्याच्या पोटात जातं.

जितकी मांजरं तितक्या पेट्या, आणि वर एक. दोन मांजरांना तीन. पेट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, कारण दांडगं मांजर दाराशी बसून दुसऱ्याची वाट अडवतं. जेवणाच्या ताटलीशेजारी, धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनजवळ किंवा येण्याजाण्याच्या वाटेवर पेटी नको. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्या रात्री बागा वाचवायला शेकोट्या पेटतात, त्या रात्री गच्चीवर किंवा उघड्या ओट्यावर ठेवलेल्या पेटीपर्यंत मांजराने जावं ही अपेक्षाच चूक. हिवाळ्यात पेटी घरात घ्या.

रोज एकदा तरी गोळे काढायलाच हवेत. घरात गर्भवती बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या जंतूचा धोका पोटातल्या बाळाला असतो.

फिनेल नको

मांजराने घाण केली की आपला हात फिनेलच्या बाटलीकडे जातो. इथे मोठी चूक होते. काळ्या फिनेलमधली फिनॉल वर्गाची द्रव्यं मांजराचं यकृत निष्प्रभ करून बाहेर टाकू शकत नाही. पुसलेल्या फरशीवरून चालून पाय चाटले तरी विषबाधा होऊ शकते. शिवाय त्याने वास फक्त झाकला जातो. लघवीतले युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत, आणि दमट दिवसांत वास पुन्हा उठतो. आपल्याला तो येत नाही, मांजराला येतो, आणि तिथेच जायचं असं त्याला कळतं. ओली जागा आधी कापडाने टिपून घ्यावी, साध्या पाण्याने धुवावी, मग विकरयुक्त (एन्झाइम असलेला) क्लीनर लावून तो सावकाश वाळू द्यावा. बारदानात किंवा गादीच्या कापसात लघवी मुरलेली असेल तर ते टाकून द्यावं.

मांजराचं नाक घाणीत घासणं, मारणं, कोंडणं याने ते काहीही शिकत नाही. भीतीने मूत्राशयाची सूज वाढते, एवढंच होतं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांच्या गटाने 2006 साली अशी सूज असलेल्या 46 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या घरातली परिस्थिती बदलली : पाणी, पेट्या, लपायची जागा, चढायची उंच फळी, खेळायला माणूस. दहा महिन्यांनी त्यांचा लघवीचा त्रास स्पष्टपणे कमी झाला होता.

आमच्या बोक्याला तपासलं, आजार निघाला नाही. एक जुनं रुंद घमेलं घेतलं, त्यात चाळलेली वाळू भरली आणि बारदान होतं त्याच कोपऱ्यात ठेवलं. बारदान उचलून टाकलं. आठवड्याच्या आत तो घमेल्यात जाऊ लागला. मग घमेलं रोज थोडं थोडं सरकवत मोरीजवळ नेलं. आजही ते तिथेच आहे.

घर बांधताना आपण गाडीला जागा ठेवतो, टाकीला ठेवतो. घरात मांजर असेल तर अंगणात हातभर माती मोकळी ठेवा. तेवढी जागा नसेल तर एक घमेलं ठेवा. आणि मांजराने कोपरा ओला केला, तर काठी उचलण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या.