बंदुकीचा दणका : खांद्याला आणि कानाला

भाताच्या हंगामात एक शेतकरी दवाखान्यात आले. रानडुकरांना हाकलण्यासाठी रात्री त्यांनी परवान्याच्या बारा बोअर बंदुकीचे पाच-सहा बार काढले होते. उजवा खांदा काळानिळा पडला होता. मी थंड पट्ट्या आणि गोळ्या सांगितल्या. तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा प्रत्येक प्रश्नाला उजवा कान पुढे करीत होते. डावा कान त्या रात्रीपासून बंद होता, आत सतत शिट्टी वाजत होती. "दुखत नव्हतं डॉक्टर, म्हणून बोललो नाही." खरे तर मीही विचारले नव्हते.

गोळी पुढे सुटते तशी बंदूक मागे येते. बंदूक हलकी, तर दणका मोठा. तेच काडतूस साडेचार किलोऐवजी तीन किलोच्या बंदुकीतून उडवले, तर खांद्यावर येणारी ऊर्जा सुमारे दीडपट होते. म्हणूनच आफ्रिकेत हत्तींसाठी वापरलेल्या मोठ्या बोअरच्या रायफली मुद्दाम जड बनवीत.

दस्ता दंडावर किंवा गळ्याच्या हाडावर नको. खांद्याच्या खळग्यात घट्ट टेकवावा. सैल धरल्यास फटका जास्त बसतो. किंचित पुढे झुकून उभे राहावे. दस्त्याला रबरी गादी लावावी. दुर्बीण असेल तर डोळा तिच्यापासून तीन-चार इंच दूर हवा, नाहीतर भुवई फाटते.

मुका मार लागल्यास कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. पहिले दोन दिवस तेल चोळू नये. हात वर होत नसेल, बधिर वाटत असेल किंवा हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढावा.

पण खांदा भरून येतो, कानाचे तसे नाही. उजव्या खांद्यावरून नेम धरताना डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. जिम कॉर्बेट यांच्या कानाजवळ १९२९ साली जड रायफलीचा बार उडाला आणि पडदा फाटला. तल्लादेशच्या नरभक्षक वाघिणीमागे ते त्याच दुखण्यात फिरले.

कापसाच्या बोळ्याने भागत नाही. इअर प्लग किंवा कान झाकणारे इअर मफ वापरावेत. शेजारी बॅटरी धरणाऱ्यानेही! बारानंतर कान बंद वाटला तर तेल न घालता दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

त्या शेतकऱ्यांचा डावा कान पूर्ण सुधारला नाही. आता बंदुकीने दुखावलेला खांदा आला, की मी आधी कानाची चौकशी करतो.