प्लेअरबरोबर आलेलं लटांबर

मीडिया प्लेअरबरोबर न मागता आलेले टूलबार, भलतंच सर्च इंजिन, संगणक ‘फास्ट’ करून देणारी अ‍ॅपं हे लटांबर एका जागी राहत नाही, म्हणून एका जागी पुसून जातही नाही. बारामती-इंदापूरकडे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांवर त्याची पहिली खूण प्लेअरमध्ये नव्हे, ब्राउझरमध्ये दिसते: होमपेज बदललेलं असतं आणि काहीही शोधलं की जाहिरातींचा पूर येतो. मुळाशी अनेकदा लग्नाच्या शूटिंगचा पेनड्राइव्ह असतो. फाइल जुन्या प्लेअरवर चालत नाही, पाहुणे खोळंबलेले असतात, मग शोधात सगळ्यात वर दिसेल त्या ‘फ्री डाउनलोड’वर बोट पडतं.

दोष सहसा प्लेअरचा नसतो. व्हीएलसी हा प्लेअर म्हणजे 1996 साली पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला प्रकल्प. 2001 पासून तो खुल्या परवान्याखाली आहे आणि त्याच्या मूळ इन्स्टॉलरमध्ये जाहिरात नसते. पण तो कोणालाही वाटता येतो, त्यामुळे काही साइट त्याला स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळून देतात. भारतात 2022 मध्ये व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅन या संस्थेची मूळ साइटच काही महिने बंद होती. संस्थेनं ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस दिली, नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. अधिकृत दार बंद असलं की लोक आडवाटेनं जाणारच.

सफाईची सुरुवात कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रामच्या यादीपासून होते. ही यादी नावानं वाचण्यात अर्थ नाही, कारण नावं मुद्दाम साळसूद ठेवलेली असतात. ‘इन्स्टॉल्ड ऑन’ या रकान्यावर क्लिक करून ती तारखेनं लावायची; प्लेअरच्याच तारखेला आलेली मंडळी एका ओळीत उभी राहतात. त्यातलं नको ते काढताना घाई नडते. ‘ठेवा’ हे बटण मोठं आणि रंगीत असतं, ‘काढा’ करड्या बारीक अक्षरात कोपऱ्यात. कधी प्रश्नच उलटा विचारलेला असतो.

पुढची पाळी ब्राउझरची: एक्स्टेंशन, होमपेज, सर्च इंजिन आणि अनोळखी साइटना दिलेली नोटिफिकेशनची परवानगी. एवढं करूनही ब्राउझर उघडताच तेच पान आलं, तर डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची प्रॉपर्टीज पाहावी. ‘टार्गेट’च्या चौकटीत ब्राउझरच्या फाइलचं नाव संपल्यावर, अवतरणचिन्हाच्या पुढे, एक वेबपत्ता चिकटवलेला सापडतो. तेवढाच खोडायचा. दोन दिवसांनी सगळं परत उगवलं, तर बी टास्क शेड्यूलरमध्ये किंवा स्टार्टअपच्या यादीत राहिलेलं असतं. शेवटी मालवेअरबाइट्सचं मोफत अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर फिरवतात. त्यानं दाखवलेली यादी वाचूनच पुढचं बटण दाबावं. ते आधी फिरवलं तरी चालतं, पण कचरा कुठून आला ते कळत नाही.

शंका असलेला व्हीएलसी काढून मूळ साइटवरून नवा घेणं उत्तम. इन्स्टॉलर सुरू करताना विंडोज परवानगी मागते, त्या खिडकीत प्रकाशक म्हणून व्हिडिओलॅनचं नाव दिसायला हवं. ‘अननोन’ दिसलं तर तिथंच थांबावं. दुसरा कुठला प्लेअर घेताना ‘रेकमेंडेड’ऐवजी ‘कस्टम’ निवडून प्रत्येक पानावरच्या टिका पाहाव्यात. एमएस-सीआयटी झालेले हातही इथं सवयीनं ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटतात, आणि टूलबारची टीक नेमकी त्याच पानांवर आधीच लावून ठेवलेली असते.