पळसगावचे यशवंत घाडगे

गणपतीच्या आठवड्यात दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी गाडीत पाय ठेवायला जागा नसते. कामधंद्यासाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीत येऊन स्थिरावलेल्या कोकणातल्या कुटुंबांची ही हक्काची गाडी. महामार्गाने निघालेल्यांना माणगाव आठवतं ते वाहनांच्या रांगांमुळे. याच माणगावात तहसील कार्यालयाच्या आवारात एका सैनिकाचा पुतळा उभा आहे. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. वीरमरण आलं तेव्हा त्यांचं वय होतं अवघं 22.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावात 16 नोव्हेंबर 1921 रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात होता. भाताचं एक पीक आणि खाणारी तोंडं अनेक, अशा कोकणातल्या तरुणापुढे दोन वाटा असत: मुंबईची गिरणी किंवा गोदी, नाहीतर पलटण. घाडगे पलटणीत गेले. मराठा रेजिमेंटच्या ज्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते होते, तिचा पूर्वीचा क्रमांक 110. पहिल्या महायुद्धात हीच पलटण मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात सापडली होती आणि एप्रिल 1916 मध्ये तिथल्या सैन्याला शरणागती पत्करावी लागली होती.

दुसऱ्या महायुद्धाने मागे राहिलेल्या घरांनाही सोडलं नाही. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि रंगूनचा तांदूळ यायचा थांबला. 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. एक मुलगा परदेशी आघाडीवर आणि दुसरा गोदीत असलेल्या घराला त्या काळात दोन्हीकडची काळजी लागलेली असे. मनीऑर्डर आली की घर चाले आणि मुलगा जिवंत असल्याचंही कळे. तिला उशीर झाला की पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लागत.

कल्याणच्या परिसराने हे युद्ध आपल्या जमिनीवर पाहिलं. कल्याणजवळ लष्कराची मोठी संक्रमण छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतो. मलंगगडाच्या वाटेवर नेवाळीत विमानतळासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या जमिनींचा प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत धगधगत राहिला आणि जून 2017 मध्ये त्याच मागणीसाठी तिथे आंदोलन पेटलं. कुणाचा मुलगा युद्धाने नेला, कुणाचं शेत.

10 जुलै 1944. इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. घाडगे यांच्या हाताखालची तुकडी शत्रूच्या ठाण्यावर चालून जात असताना अगदी जवळून मशीनगन कडाडली. घाडगे सोडून तुकडीतला प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते थांबले नाहीत. सरळ मशीनगनच्या दिशेने धावले. हातबॉम्ब फेकून त्यांनी ती गन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. उरले दोघे. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याच्या घावांनी त्या दोघांना संपवलं. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडले.

2 नोव्हेंबर 1944 च्या ‘लंडन गॅझेट’मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. या मजकुरात त्यांच्या शेवटच्या काही क्षणांचा लख्ख हिशेब आहे, पण पळसगावच्या घराविषयी एक शब्द नाही. तो सन्मान मरणोत्तर होता. ज्याने तो छातीवर मिरवायचा, तोच परतला नव्हता. घाडगे यांची ज्ञात समाधी नाही. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. घरच्यांना माती द्यायला किंवा अस्थी विसर्जित करायला काहीच मिळालं नाही, हे दुःख कोणत्याही पदकाने भरून निघणारं नव्हतं.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. त्यांतले 5,782 मृत्युमुखी पडले. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे होते. ते लढले परक्या राजवटीच्या झेंड्याखाली, म्हणून स्वातंत्र्यानंतर आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना फारशी जागा मिळाली नाही. या विस्मृतीची किंमत त्यांच्या घरांनी मोजली. पोरगा कोणाच्या हुकमाने गेला, हा इतिहासाचा प्रश्न झाला. आईच्या लेखी तो गेला होता, एवढंच खरं.

जुलै 2023 मध्ये इटलीतल्या पेरुजा प्रांतातल्या मोन्तोने गावाने यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारलं. ते आहे छायायंत्र, सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यासाठी निवडलं गेलं.

मोन्तोनेत सकाळचे आठ वाजतात तेव्हा माणगावात दुपारच्या आसपासची वेळ असते. तहसील कार्यालयात कोणी सातबाऱ्यासाठी आलेलं असतं, कोणी मुलाच्या दाखल्यासाठी. जाता-येता पुतळ्यावर नजर पडते. स्टेशनात दिव्याची गाडी लागते, दोन मिनिटं थांबते, आणि खिडकीतला एखादा नातू आजोबांना विचारतो, माणगाव आलं का?