जपानी-कोरियन हॉटेलात जेवायला जाताय? आधी एवढं वाचा

चाकण, रांजणगाव, तळेगाव भागात जपानी आणि कोरियन कंपन्या आल्या, तशी पुण्याच्या बाजूला त्यांच्या जेवणाची हॉटेलंही आली. खेड, शिरूर, मावळातली आपली पोरं या कंपन्यांत कामाला आहेत. साहेब कधी जेवायला नेतात, पण पुढ्यात काय आलं तेच कळत नाही. मागे ओळखीतला एक माळकरी पोरगा ‘सोयाबीनचं सूप’ म्हणून वाटीभर प्यायला. त्यात मासा होता, हे बाहेर आल्यावर कळलं. कितीतरी दिवस त्याच्या मनाला ते लागून राहिलं.

चूक त्याची नव्हती. मिसो सूप सोयाबीन आंबवूनच करतात, पण त्याचं पाणी म्हणजे ‘दाशी’. ते बहुतेक वेळा वाळवलेल्या, धुरी दिलेल्या माशाचं असतं. किमची म्हणजे मीठ-मिरचीत आंबवलेला कोबी. त्यातही फिश सॉस किंवा खारवलेला जवळा घालतात. रामेन या शेवयांचा ‘तोनकोत्सु’ रस्सा डुकराच्या हाडांचा. ‘बुलगोगी’ कोरियात बहुधा गोमांसाची करतात. इथे कशाची आहे ते विचारून घ्यावं.

म्हणून नुसतं ‘व्हेज आहे का’ विचारून भागत नाही. मासा, जवळा, फिश सॉस, हाडांचा रस्सा, अंडं यातलं काही आहे का, असं एकेक विचारा. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मांस आणि अंड्याशिवाय सांगता येतो. भात आपल्या इंद्रायणीसारखा चिकट असतो, घाबरू नका.

रीतही थोडी वेगळी. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत. जपानमध्ये तसं मयताच्या भाताला करतात, आपल्याकडे पिंडाचं असतं तसं. जपानी माणूस वाटी हातात उचलून खातो, कोरियन मात्र वाटी टेबलावरच ठेवून चमच्यानं भात खातो. कोरियन पंगतीत वडीलधाऱ्यानं सुरुवात केल्यावरच बाकीचे खातात. चॉपस्टिक जमत नसतील तर काटा-चमचा मागा, त्यात लाज कसली?

बिल आपण देणार असाल तर ते नीट बघा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, २०२२ पासून तसे केंद्राचे निर्देश आहेत. जबरदस्तीनं लावला तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

साहेबांसोबत असलात तरी विचारायला संकोच करू नका. ‘मी हे खात नाही’ म्हटल्यानं कोणाची नोकरी जात नाही.